शेरलॉक होम्सची उदासी : निदान की नोंद?

प्रस्तावना

शेरलॉक होम्स या पात्राची मनःप्रकृती निरोगी होती काय, हा प्रश्न गेल्या काही दशकांत वाचकांनी, रूपांतरकारांनी आणि क्वचित मनोविकारतज्ज्ञांनीही पुन्हा पुन्हा उपस्थित केलेला आहे. द्विध्रुवीय भावविकार, सायक्लोथायमिया, आस्परजर लक्षणसमूह, समाजविघातक व्यक्तिमत्त्व अशी निरनिराळी नावे त्याच्या वर्तनास देण्यात आली. बी.बी.सी.च्या ‘शेरलॉक’ (२०१० ते २०१७) या मालिकेतील नायक तर स्वतःच स्वतःला सोशिओपॅथ म्हणवून घेतो. मूळ साहित्यात अशी कोणतीही चिठ्ठी त्याच्या अंगावर चिकटवलेली नाही. यांपैकी शेवटच्या दोन नावांचा विचार येथे करावयाचा नाही. मित्र मोजके असणे, स्त्रियांपासून दूर राहणे, सिगारेटच्या राखेवर प्रबंधिका लिहिणे एवढ्यावरून रोगनाम ठरवावयाचे तर निम्म्या इंग्रजी कादंबरीला दवाखान्यात दाखल करावे लागेल.

द्विध्रुवीय भावविकाराचा पक्ष मात्र इतका उथळ नाही. तो संहितेच्या आधारावर उभा आहे आणि म्हणूनच त्याची चिकित्सा संहितेच्याच आधारे होणे इष्ट ठरते. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८८७ ते १९२७ या चाळीस वर्षांत होम्सच्या चार कादंबऱ्या व छप्पन कथा प्रसिद्ध केल्या. मराठी वाचकाला त्या प्रामुख्याने भालबा केळकर यांच्या अनुवादांतून परिचित झाल्या, तर महाविद्यालयीन विद्यार्थ्याला आज त्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून आणि पडद्यावरून भेटतात. पडद्यावरचा होम्स पाहून आलेला विद्यार्थी वर्गात ‘तो बायपोलर होता ना?’ असे सहज विचारतो. या प्रश्नाला होय किंवा नाही असे उत्तर देण्यापूर्वी पुरावा कोणता, तो कोणी दिला आणि कोणत्या परिस्थितीत दिला, हे तपासणे होम्सच्याच पद्धतीस धरून होईल.

संहितेतील पुरावा

‘अ स्टडी इन स्कार्लेट’ (१८८७) या पहिल्याच कादंबरीत होम्सच्या मनोवस्थांचा उल्लेख दोनदा येतो. एकदा तो स्वतः सांगतो की अधूनमधून त्याला उदासीचे झटके येतात आणि तो कित्येक दिवस तोंड उघडत नाही. पुढे वॉटसन नोंदवतो की कामाची लहर असताना होम्सच्या उत्साहाला सीमा नसे, परंतु मध्येच प्रतिक्रिया होऊन तो सकाळपासून रात्रीपर्यंत दिवाणखान्यातील सोफ्यावर न हलता, न बोलता पडून राही. ‘द साइन ऑफ फोर’ (१८९०) मध्ये वॉटसन अधिक स्पष्ट होतो. होम्सची आनंदी, उत्सुक वृत्ती आणि अत्यंत काळ्या नैराश्याचे झटके आलटूनपालटून येत, असे तो म्हणतो. ‘द रेड-हेडेड लीग’ (१८९१) मध्ये सेंट जेम्स हॉलमध्ये सारासातेचे व्हायोलिनवादन ऐकणाऱ्या होम्सकडे पाहताना वॉटसनला त्याच्या स्वभावाची दोन टोके जाणवतात. ‘द मस्ग्रेव्ह रिच्युअल’ (१८९३) मध्ये हेच वर्णन जवळजवळ त्याच क्रमाने पुन्हा येते. आधी कामाचा आवेग, मग सुस्ती, सोबतीला व्हायोलिन आणि पुस्तके, आणि हालचाल म्हणाल तर सोफ्यापासून टेबलापर्यंतची.

इतकी पुनरावृत्ती योगायोगाने होत नाही. निदानाचा पक्ष घेणाऱ्यांचे बळ या पुनरावृत्तीत आहे. झोपेची गरज कमी होणे, अन्नावरची वासना उडणे आणि एकाच ध्येयामागे झपाटून लागणे ही लक्षणे उन्मादाच्या यादीतही सापडतात. ‘द मॅन विथ द ट्विस्टेड लिप’ (१८९१) मध्ये होम्स उशांचे आसन करून रात्रभर तंबाखू ओढीत बसतो. ‘द नॉरवुड बिल्डर’ (१९०३) मध्ये तो तपासाच्या ऐन भरात जेवण टाकतो, आणि उपासामुळे त्याला पूर्वी भोवळ आल्याचेही वॉटसन सांगतो.

तथापि लक्षणांची यादी आणि लक्षणांचे स्वरूप यांत अंतर आहे. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डी.एस.एम.-५ या संहितेनुसार सौम्य उन्मादाची अवस्था सलग किमान चार दिवस, पूर्ण उन्मादाची किमान एक आठवडा (इस्पितळात दाखल करावे लागल्यास ही अट नाही) आणि नैराश्याची अवस्था किमान दोन आठवडे टिकावी लागते. कालमर्यादेचा मुद्दा सोडून दिला तरी चालेल, कारण कथाकार काही रुग्णाचा तक्ता भरीत नसतो. परंतु उन्मादात विचारांची पळापळ होते, लक्ष विखुरते, बोलणे अनावर होते आणि विवेक सुटतो. होम्सच्या आवेगात याच्या नेमके उलट घडते. त्याचे लक्ष एकाग्र होते, बोलणे कमी होते आणि निर्णय अधिक काटेकोर होतात. उशांच्या आसनावरचा तो माणूस रात्रभर हललेलासुद्धा नाही. त्या स्थितीला मराठीत तंद्री म्हणतात. उन्माद म्हणत नाहीत.

दुसरी अडचण कोकेनची आहे. अमली पदार्थामुळे निर्माण झालेल्या मनोवस्था निदानातून वगळाव्यात, असा निकष आहे. ‘द साइन ऑफ फोर’च्या प्रारंभी होम्स सात टक्के द्रावणाची सुई दिवसातून तीनदा टोचून घेतो आणि हे कित्येक महिने चाललेले आहे. कोकेनचा अंमल उतरल्यावर येणारा थकवा व उदासी वैद्यकास सुपरिचित आहे. ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ (१८९१) मध्ये तर होम्स आठवड्याआड आठवडा कोकेन आणि महत्त्वाकांक्षा यांमध्ये हेलकावे घेतो, असेच म्हटले आहे. मग सोफ्यावरची निश्चल अवस्था मनाची समजावी की औषधाची? पहिल्या कादंबरीत वॉटसनला व्यसनाची शंका आली होती, पण होम्सचे एकंदर संयमी जीवन पाहून त्याने ती बाजूस सारली. दुसऱ्या कादंबरीत तीच शंका खरी ठरते. डॉयल यांनी बहुधा आधी मनोवस्था लिहिली आणि कारण मागाहून पुरवले. अशा जोडकामावर रोगनिदानाची इमारत उभारणे धोक्याचे होय. त्या काळी ब्रिटनमध्ये कोकेन बाळगणे हा गुन्हा नव्हता. १९१६ च्या युद्धकालीन नियमांनी आणि १९२०च्या कायद्याने त्यावर बंधने आली, हेही आजच्या वाचकाने ध्यानात ठेवावे.

रायगेट येथील प्रकरण

निदानाच्या विरोधात वारंवार पुढे केला जाणारा युक्तिवाद असा की होम्सची उदासी हा केवळ बेकारीचा कंटाळा होय. काम नसेल तेव्हा तो खिन्न असतो, दारावर अशील आला की ताजातवाना होतो. बहुतेक कथांना हे लागू पडते. ‘द यलो फेस’ (१८९३) मध्ये कोकेनचे कारणच मुळी जीवनाच्या एकसुरीपणाविरुद्धचा निषेध असे दिले आहे. परंतु एक कथा या सोयीस्कर उत्तराला सरळ छेद देते आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

‘द रायगेट स्क्वायर’ (१८९३) या कथेच्या प्रारंभी, एप्रिल १८८७ मध्ये, फ्रान्समधील लियाँ शहरातून वॉटसनला तार येते की होम्स हॉटेल द्युलाँगमध्ये आजारी पडला आहे. दोन महिने, दिवसाला पंधरा तासांहून कमी नाही, असे काम करून त्याने बॅरन मोपर्त्वी या ठगाचा डाव उधळला आहे. तीन देशांच्या पोलिसांना जे जमले नाही ते त्याने साधले. युरोपभर त्याचे नाव गाजत आहे. खोलीत अभिनंदनाच्या तारांचा घोट्याएवढा खच पडला आहे आणि त्या तारांच्या मध्यभागी तो काळ्याकुट्ट नैराश्यात बुडालेला आहे. येथे बेकारी नाही, अपयश नाही, कंटाळाही नाही. यश त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. होम्सच्या साठ प्रकरणांत निदानाच्या बाजूने बोलणारा याहून सबळ पुरावा आढळत नाही, हे मान्य केले पाहिजे. वॉटसननेही येथे मज्जातंतूंच्या शक्तिपाताचा, म्हणजे जवळजवळ वैद्यकीय भाषेतला, शब्दप्रयोग केला आहे.

मात्र कथा तेथे थांबत नाही. विश्रांतीसाठी वॉटसन होम्सला सरे परगण्यात, अफगाणिस्तानात आपल्या हातून उपचार झालेल्या कर्नल हेटरच्या घरी नेतो. शेजारीच एका गाडीवानाचा खून होतो. होम्स, अर्थातच, डॉक्टरच्या सूचनेकडे दुर्लक्ष करून तपासात शिरतो. संशयित बापलेकांच्या समक्ष इन्स्पेक्टर महत्त्वाच्या पुराव्याचा उल्लेख करणार, इतक्यात होम्सचे डोळे फिरतात, चेहरा पिळवटतो आणि तो जमिनीवर कोसळतो. त्याला उचलून स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवतात. शुद्धीवर येऊन तो ओशाळल्या स्वरात सांगतो की नुकत्याच झालेल्या दुखण्यामुळे आपल्याला असे झटके येतात, वॉटसनला विचारा. थोड्या वेळाने तो बक्षिसाच्या जाहिरातीचा मसुदा लिहिताना वेळ चुकीची लिहितो. वॉटसनला वाईट वाटते. ज्याची अचूकता हीच ख्याती, त्याच्याकडून अशी चूक व्हावी म्हणजे दुखणे अजून ओसरलेले नाही! शेवटी कळते की झटका खोटा होता आणि चूक जाणूनबुजून केलेली होती. पहिल्याने पुरावा झाकला, दुसरीने संशयिताच्या हाताचे अक्षर मिळवून दिले. व्यवसायाच्या दृष्टीने सोंग उत्तम वठले, अशी पावती खुद्द वॉटसनच देतो.

एकाच कथेत खरा आजार आणि आजाराचे सोंग शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. सोंग वठते ते खरा आजार नुकताच होऊन गेला म्हणून. आणि डॉक्टर फसतो तो सहानुभूतीमुळे. पुढे ‘द डाइंग डिटेक्टिव्ह’ (१९१३) मध्ये होम्स तीन दिवस अन्नपाणी टाकून भ्रमिष्टाची बडबड करतो, आणि आजाराचे सोंग या विषयावर प्रबंधिका लिहिण्याचा आपला विचार होता असे शेवटी सांगतो. तेथेही वॉटसन फसतो. ज्याने आपल्या मित्राच्या रोगाविषयी साक्ष द्यावयाची तो साक्षीदार असा दोनदा खोटा पडलेला आहे. तो अप्रामाणिक आहे असे कोणी म्हणणार नाही. पण हे लक्षात ठेवून त्याच्या बाकीच्या नोंदी वाचाव्या लागतात.

साक्षीदार कोण?

ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ मध्ये शेक्सपिअरच्या नायकांचा विचार जणू ते हाडामांसाचे मनुष्य होते असे समजून केला आणि एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मध्ये लेडी मॅक्बेथला मुले किती, असा उपरोधिक प्रश्न विचारून त्या पद्धतीची खिल्ली उडवली. साहित्याच्या वर्गात हा वाद जुना झालेला आहे. पात्राला संहितेबाहेर नाडी नसते. होम्सच्या बाबतीत मात्र हा वाद थोडा निराळ्या रीतीने जिवंत होतो. त्याच्या मनोवस्था लेखकाने सर्वज्ञ निवेदनातून सांगितलेल्या नाहीत. त्या एका विशिष्ट माणसाने पाहिल्या, आठवल्या आणि लिहिल्या आहेत. हा माणूस १८७८ चा लंडन विद्यापीठाचा एम.डी. आहे.

आणि तो स्वतः आजारी आहे. २७ जुलै १८८० च्या मैवंदच्या लढाईत जखमी झालेला, पेशावरच्या इस्पितळात विषमज्वराने मरता मरता वाचलेला, दिवसाला साडेअकरा शिलिंग भत्त्यावर लंडनमध्ये एकटा, निरुद्देश राहणारा वॉटसन पहिल्या भेटीत होम्सला काय सांगतो ते पाहण्यासारखे आहे. दोघे एकत्र बिऱ्हाड करण्याचा विचार करीत आहेत. होम्स आपले दोष सांगतो. तो उग्र तंबाखू ओढतो, घरात रसायने आणतो आणि कधी कधी उदास होऊन बोलत नाही. तेव्हा रुसलो असे समजू नये, एकटे सोडावे, आपोआप ठीक होईल. मग वॉटसन आपले दोष सांगतो. आपल्या मज्जातंतूंना धक्का बसला आहे, आरडाओरडा सहन होत नाही, भलत्या वेळी उठतो, कमालीचा आळशी आहे. होम्सच्या उदासीची पहिली माहिती ही लक्षण म्हणून आलेली नाही. ती दोन भाडेकरूंच्या करारातली एक अट आहे आणि समोरच्याचीही तशीच एक अट आहे. आजचा वाचक होम्सच्या अटीला द्विध्रुवीय म्हणतो. तोच निकष लावला तर वॉटसनच्या अटीलाही युद्धोत्तर मानसिक आघाताचे नाव मिळावयास हवे. पण वॉटसनचे निदान करण्याची निकड फारशी कोणाला वाटत नाही, कारण तो बुद्धिमान नाही! रोग आणि प्रतिभा यांची सांगड घालण्याचा मोह किती पक्षपाती असतो, हे यावरून उघड व्हावे.

वॉटसनजवळ शब्द नव्हते असेही नाही. फ्रान्समध्ये फाल्रे आणि बैयार्जे यांनी १८५० च्या दशकातच उन्माद व विषाद यांच्या चक्राचे वर्णन केले होते. अमेरिकेत जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ मध्ये न्यूरास्थेनिया ही संज्ञा रूढ केली होती. क्रेपेलिन यांनी उन्माद-विषाद हा एकच रोग मानला तो १८९९ मध्ये, आणि ‘बायपोलर’ हा शब्दप्रयोग तर लिओनहार्ड यांनी १९५७ मध्ये केला. हे शब्द त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. परंतु मेलँकोलिया त्याला ठाऊक असणारच. तरीही साठ प्रकरणांत हा एम.डी. आपल्या मित्राला एकदाही रोगाचे नाव देत नाही. तो उदासी म्हणतो, प्रतिक्रिया म्हणतो, सुस्ती म्हणतो. जेथे वैद्यक हस्तक्षेप करू शकते तेथे तो हस्तक्षेप मात्र करतो. ‘द मिसिंग थ्री-क्वार्टर’ (१९०४) मध्ये आपण वर्षानुवर्षे प्रयत्न करून होम्सला त्या व्यसनापासून सोडवले, असे तो सांगतो आणि लगेच पुस्ती जोडतो की तो राक्षस मेलेला नाही, झोपलेला आहे. ती झोपही सावध आहे. ‘द डेव्हिल्स फूट’ (१९१०) मध्ये १८९७ च्या मार्चमध्ये प्रकृती ढासळू लागल्यावर हार्ली स्ट्रीटचे डॉ. मूर अॅगर सक्तीची विश्रांती सांगतात आणि वॉटसन त्याला कॉर्नवॉलला घेऊन जातो. कथांमधून दिसतो तो उपचाराचा आणि पाळतीचा मोठा इतिहास. नाव त्याला कोठेच दिलेले नाही.

या नोंदी वॉटसनच्या आहेत, हे आणखी एका गोष्टीवरून ठसते. ‘द ब्लांच्ड सोल्जर’ व ‘द लायन्स मेन’ या १९२६ मधील दोन कथा होम्सने स्वतः सांगितल्या आहेत. त्यांत सोफा नाही, काळे नैराश्य नाही. पहिलीत एवढेच आहे की वॉटसन बायकोसाठी सोडून गेला, त्याने केलेले हे एकमेव स्वार्थी कृत्य होते आणि आपण एकटे होतो. साक्षीदार गेला की लक्षणेही पानावरून जातात. उरतो तो हा एक शब्द.

पडद्यावरील निदान

निदानाची लोकप्रियता वाढली ती अलीकडच्या माध्यमांमुळे. निकोलस मेयर यांनी १९७४ च्या ‘द सेव्हन-पर-सेंट सोल्यूशन’ या कादंबरीत होम्सला व्हिएन्नात फ्रॉइडच्या दारी नेले. फ्रॉइड यांनी १८८४ मध्ये कोकेनची भलावण करणारा निबंध लिहिला होता, हे लक्षात घेता ही योजना चतुर म्हटली पाहिजे. पण सर्वांत खोल ठसा उमटला तो ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या मालिकेतील (१९८४ ते १९९४) जेरेमी ब्रेट यांच्या अभिनयाचा. त्यांचा होम्स एका क्षणी टेबलावरून उडी मारतो आणि दुसऱ्या क्षणी दगडासारखा थिजतो. ब्रेट यांना स्वतःला उन्माद-विषाद विकार होता. त्यांनी तो लपवला नाही आणि १९९५ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी त्याविषयी जाहीरपणे बोलून रुग्णांच्या संस्थेसाठी आवाहनही केले. १९८८ च्या ‘द डेव्हिल्स फूट’मध्ये होम्स सुई समुद्रकिनारी वाळूत पुरून टाकतो. हे दृश्य मूळ कथेत नाही, परंतु त्याची अर्थपूर्णता नाकारता येत नाही.

येथे समीक्षकाने सावधपणे बोलावे. ज्या माणसाने हा विकार भोगला त्याला होम्समध्ये आपले रूप दिसले, तर ते वाचन चुकीचे ठरवण्याचा अधिकार कोणाला नाही. आपले दुःख पुस्तकात ओळखणे हा साहित्याचा जुना उपयोग आहे. पण ओळख पटणे निराळे आणि निदान करणे निराळे. ब्रेट यांचा होम्स पाहून डॉयल यांचा होम्स वाचणारा वाचक नटाचे दुखणे पात्रावर चढवतो आणि मग तेच दुखणे पात्राच्या प्रतिभेचे कारण म्हणून सांगू लागतो. के रेडफील्ड जेमिसन यांच्या १९९३ च्या ‘टच्ड विथ फायर’ या ग्रंथाने कलावंत आणि हा विकार यांच्यातील संबंधाची चर्चा सर्वदूर नेली. त्या स्वतः या विकाराच्या रुग्ण व अभ्यासक असून उपचारांच्या ठाम पुरस्कर्त्या आहेत. ग्रंथाचा हा दुसरा भाग वर्गातील चर्चेत सहसा येत नाही.

वर्गात काय शिकवले जाते

प्रश्न निव्वळ पांडित्याचा असता तर एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. होम्सला द्विध्रुवीय म्हटल्याने काय शिकवले जाते, ते पाहिले पाहिजे. निदान मान्य केले की कथांची रचना हाच त्या रोगाचा उपचारक्रम ठरतो. माणूस सोफ्यावर पडलेला आहे, दारावर थाप पडते, अशील येतो, डोळ्यांत चमक येते आणि नैराश्य पळून जाते. काम हाच दुःखावर सर्वोत्तम उतारा, अशा आशयाचा सल्ला होम्स स्वतः ‘द एम्प्टी हाउस’ (१९०३) मध्ये शोकग्रस्त वॉटसनला देतो. कथानकाच्या दृष्टीने हे अपरिहार्य आहे, कारण अशील आला नाही तर कथाच नाही. वैद्यकाच्या दृष्टीने ते घातक आहे. खऱ्या नैराश्याने ग्रासलेला विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीत चार दिवस पडून असेल तर त्याला मनोरंजक काम मिळाले की तो उठेल, ही समजूत प्राध्यापकांमध्ये आणि पालकांमध्ये आधीच पुरेशी आहे. तिला होम्सचा दाखला मिळण्याची गरज नाही. शिवाय हुशार विद्यार्थ्याच्या बाबतीत ‘बुद्धिमान माणसे अशीच असतात’ असे म्हणून उपचार टाळण्यास एक ललित आधारही मिळतो.

म्हणजे निदान करणारा वाचक रोग्याविषयी सहानुभूती वाढवतो असे समजतो, पण प्रत्यक्षात तो रोगाला कंटाळ्याच्या पातळीवर आणतो. याउलट होम्सची बहुतांश उदासी ही कथेची गरज आहे असे स्पष्ट म्हटले तर खऱ्या रोगाची जागा मोकळी राहते. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमानेही मानसिक आजार ठरवताना मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांचा आग्रह धरला असून समाजाच्या रूढ मूल्यांशी न जुळणे हा आजाराचा आधार होऊ शकत नाही, असे म्हटले आहे. उपचाराखेरीज अन्य हेतूने कोणाला मानसिक रुग्ण म्हणून वर्गीकृत करण्यासही त्यात अटकाव आहे. कायदा जिवंत माणसांसाठी आहे हे खरे. पण जिवंत माणसांना नावे ठेवण्याची सवय पुस्तकांवरच लागते.

रायगेटची कथा या सर्वांत वेगळी पडते ती म्हणूनच. तेथे यशाने, कीर्तीने, तारांनी काहीही साधले नाही. वॉटसन चोवीस तासांत त्याच्या खाटेपाशी पोहोचला आणि त्याला घरी घेऊन आला, एवढेच कामाला आले.

डॉयल यांचे मौन

आर्थर कॉनन डॉयल स्वतः एडिंबरोचे डॉक्टर होते आणि वेड्यांच्या इस्पितळाशी त्यांचा संबंध पुस्तकी नव्हता. वडील चार्ल्स ऑल्टमाँट डॉयल हे चित्रकार. मद्यासक्ती आणि पुढे अपस्मार यांमुळे त्यांना १८८१ मध्ये एका खासगी निवासात आणि १८८५ मध्ये माँट्रोजच्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. १८८८ मध्ये ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ची पुस्तकरूप आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यासाठी सहा चित्रे चार्ल्स यांनी काढली. सोफ्यावर दिवसेंदिवस मुका पडून राहणाऱ्या नायकाची पहिली कादंबरी अशा रीतीने मनोरुग्णालयात असलेल्या हातांनी सजलेली आहे. चार्ल्स यांची १८८९ ची चित्रवही १९७८ मध्ये प्रकाशित झाली. तीत पऱ्या, पक्षी, विनोदी रेखाटने आहेत, आणि यात बुद्धिभ्रंशाची खूण दाखवा, अशा आशयाचा सवालही आहे. त्यांना निदान मिळाले होते. १० ऑक्टोबर १८९३ रोजी डम्फ्रीजच्या क्रायटन संस्थेत त्यांचा मृत्यू झाला. दोनच महिन्यांनी, डिसेंबरच्या ‘स्ट्रँड’मध्ये, होम्स रायकेनबाखच्या दरीत कोसळला. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडणे हा पुन्हा निदानाचाच मोह ठरेल. होम्सला मारण्याचा विचार डॉयल यांच्या मनात आधीपासून होता.

पण डॉयल यांच्या लेखनातील एक सवय नजरेआड करता येत नाही. १८९० च्या ‘द सर्जन ऑफ गॅस्टर फेल’ या कथेत एक डॉक्टर मुलगा आपल्या भ्रमिष्ट पित्याला इस्पितळात न पाठवता माळावरच्या एकाकी घरात स्वतः सांभाळतो. १९२४ च्या आत्मचरित्रात मात्र वडिलांची प्रकृती पार खचली आणि अखेरची वर्षे त्यांनी आरोग्यधामात काढली, एवढेच येते. रोगाचे नाव नाही, मनोरुग्णालयाचा उल्लेख नाही. लाज म्हणा, माया म्हणा, दोन्ही असतील. वॉटसनने आपल्या मित्राच्या बाबतीत पाळलेला संयम आणि मुलाने वडिलांच्या बाबतीत पाळलेला संयम यांची जात एकच आहे.

१९१७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘हिज लास्ट बाउ’ ही घटनाक्रमाने होम्सची अखेरची कथा. काळ ऑगस्ट १९१४ चा, महायुद्धाच्या तोंडावरचा. साठीच्या घरातला होम्स दोन वर्षे आयरिश-अमेरिकन हेराचे सोंग घेऊन जर्मन गुप्तहेराच्या विश्वासात शिरलेला आहे. सोंग इतके पक्के की कोणालाही शंका येत नाही. त्या सोंगासाठी त्याने धारण केलेले नाव आहे ऑल्टमाँट.